हात द्या, ताई

शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या कुठल्याही मॉलच्या तळमजल्यावर दोन बायका एकमेकींकडे न बघण्याची पराकाष्ठा करताना दिसतात. एक असते ग्राहक. तिला काजळ घ्यायचं असतं, पण ते कोणाला कळू द्यायचं नसतं. दुसरी काउंटरवरची मुलगी. काळा शर्ट, काळी पँट, घट्ट अंबाडा आणि ओठांवर कंपनीने त्या महिन्यात खपवायला दिलेला रंग. तिला ग्राहकाशी बोलायचं असतं, पण आपण बोलायलाच टपलोय हे दिसू द्यायचं नसतं. ग्राहक काजळाच्या स्टँडकडे सरकते. मुलगी मघाशीच पुसलेली काच पुन्हा पुसत पुसत तिकडे सरकते. अंतर दोन फुटांवर येतं.

"हाय मॅम, कॅन आय हेल्प यू?"

"नाही नाही, नुसतं बघतेय."

झालं, संपलं.

डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, त्याला विचार करावा लागत नाही. 'नुसतं बघतेय' हे वाक्य त्याच जातीचं. गंमत म्हणजे, एकदा ते तोंडातून गेलं की पंचाईत ग्राहकाचीच होते. 'नुसतं बघतेय' म्हटल्यावर लगेच काजळ उचलायचं कसं? मघाशी खोटं बोललो असा अर्थ होईल. म्हणून ती शब्दाला जागते. कानातली बघते, गरज नसलेला हेअरबँड बघते, पुरुषांचा डिओडरंटसुद्धा बघते आणि हात हलवत बाहेर पडते. काजळ मग घराजवळच्या जनरल स्टोअर्समधून घेतलं जातं. तिथला दुकानदार काहीच विचारत नाही, कारण तो फोनवर बोलत असतो.

या मुलींना धंद्यात 'बीए' म्हणतात, म्हणजे ब्यूटी अ‍ॅडव्हायझर. बी.कॉम. झालेली मुलगी बीए म्हणून नोकरीला लागली हे आजोबांना समजावताना अनेक घरांत रविवार गेले असतील. नोकरीच्या आधी ट्रेनिंग असतं. त्यात पहिल्याच दिवशी सांगतात, की 'हो-नाही'त उत्तर येईल असा प्रश्न ग्राहकाला विचारायचा नाही, प्रश्न मोकळा ठेवायचा. 'मदत करू का?' नको, 'आज काय शोधताय?' असं विचारा. सल्ला उत्तम आहे, फक्त तो देणाऱ्याने सदाशिव पेठेतली ग्राहक पाहिलेली नसते. "आज काय शोधताय, मॅम?" या मोकळ्या प्रश्नाला ती "काही नाही" असं उत्तर देते आणि दोन शब्दांत तो प्रश्न कडी-कोयंडा लावून बंद करते.

पण मुलीलाही गप्प राहून भागत नाही. तिच्या डोक्यावर टार्गेट असतं. सकाळी दुकान उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून कालचा आकडा वाचला जातो आणि आजचा सांगितला जातो. त्यातून मोठ्या दुकानातल्या बऱ्याच बीए दुकानाच्या नोकरीत नसतातच, त्यांचा पगार ज्याच्या त्याच्या ब्रँडकडून येतो. ग्राहकाला हे ठाऊक नसतं. तिच्या दृष्टीने ते एक सलग दुकान असतं. प्रत्यक्षात एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर पाऊल टाकलं की राज्य बदलतं, आणि सीमेवर नव्या राज्याची प्रतिनिधी हसतमुखाने उभी असते. वीस पावलांत चार वेळा 'नुसतं बघतेय' म्हणावं लागलेली बाई पाचव्या वेळी ते जरा जोरात म्हणते. त्यात पाचव्या मुलीचा काय दोष?

या हसतमुखाखालचे पाय मात्र नऊ-नऊ तास उभे असतात. आरशासमोरचं उंच स्टूल असतं, पण ते ग्राहकासाठी. दुकानातल्या कामगारांना बसायला मिळालं पाहिजे, यासाठी केरळला 2018 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, तामिळनाडूने ती 2021 साली केली. बसणं ही कायद्याने मिळवायची गोष्ट आहे हे कळल्यावर, संध्याकाळी सात वाजता "हाय मॅम" जरा कोरडं का येतं याचाही उलगडा होतो.

भाषेचं तर वेगळंच नाट्य. मुलगी मूळची साताऱ्याची, ग्राहक कोथरूडची. तरी पहिली दहा मिनिटं हिंदीत. "मॅम, आपका स्किन टाइप क्या है?" "मेरा ना, थोडा तेलकट है, मतलब नाक पे." "तो आप ये लगाके बघो." "लगाया था, उससे ना, पुटकुळ्या आती है." दोघी हिंदीची अशी मनोभावे सेवा करत असताना ग्राहकाचा फोन वाजतो. "हां आई, बोल. अगं कुकर तीन शिट्ट्यांवर बंद कर." फोन ठेवून ती वर बघते, तर समोरच्या चेहऱ्यावर खरं हसू आलेलं असतं.

"अय्या, तुम्ही मराठी आहात!"

"मग! तू कुठली गं?"

ट्रेनिंगच्या चार दिवसांनी जे साधत नाही ते कुकरच्या तीन शिट्ट्यांनी साधलेलं असतं. पुढचा अर्धा तास बोलणं कसं चाललं हे कोणाला विचारावं लागत नाही. मुलीची खोली कुठे, डबा कोणाचा, साताऱ्याला कधी जाते, सगळं निघतं, आणि मध्येच कधीतरी फाउंडेशनही विकलं जातं.

मराठीत यायचं म्हणजे एक मोठा धोकाही पत्करायचा: हाक काय मारायची? 'मॅम' सुरक्षित, पण थंड. 'वहिनी' कोल्हापुरात चालेल, पुण्यात भुवया वर जातील. 'आंटी'ला माफी नाही. सगळ्यात घातक म्हणजे 'काकू'. समोरच्या बाई पंचेचाळिशीच्या. त्या सुरकुत्यांच्या क्रीमची बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचताहेत. तिथे नवी मुलगी येते आणि गोड आवाजात म्हणते, "काकू, काय बघताय?" ज्या शब्दावरचा उपाय शोधायला बाई आल्या, तोच शब्द स्वागताला! बाटली जागेवर ठेवली जाते आणि बाई पार्किंगमध्ये पोचेपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. मुरलेल्या मुली म्हणूनच 'ताई'ला सोडत नाहीत. अठरापासून ऐंशीपर्यंत कोणीही ताई असू शकतं.

शब्द जपून वापरायची गरज रंगांच्या बाबतीत अधिकच लागते. शेडची नावं परदेशात ठरतात. 'न्यूड' नावाची लिपस्टिक सध्या सगळ्यांत खपाऊ. पण बँकेतून निवृत्त झालेल्या, भिशीहून परस्पर आलेल्या बाईंना "ताई, तुम्हाला न्यूड फार छान दिसेल" असं भर दुकानात सांगायला छाती लागते. एखादी चतुर मुलगी डब्यावरचं नाव वाचतच नाही. साडीच्या दुकानातली भाषा उचलते. कोरल म्हणजे अबोली. वाइन म्हणजे आमसुली. बर्गंडीला डाळिंबी, ब्रिकला विटकरी, टील रंगाच्या लायनरला मोरपंखी. आणि न्यूड? "ही आपली अशी, ओठांच्याच रंगाची. लावलीय असं कळत नाही." बाई खूश. पैसे देऊन लावायचं आणि लावल्याचं कळू द्यायचं नाही, हे तर त्यांच्या पिढीचं ध्येयच होतं.

साडीवरून आठवलं. संभाषणाची सुरुवात स्तुतीने करावी, असंही ट्रेनिंगमध्ये सांगतात. पण "मॅम, यू आर लुकिंग सो प्रिटी" असं कोणी म्हटलं, की मराठी बाईचा हात आपोआप पर्सच्या चेनवर जातो. एवढं गोड बोलतेय म्हणजे नक्की महागातलं काहीतरी आहे. तेच, "ताई, साडी इरकल आहे ना?" असं विचारून बघावं. "ही? अगं जुनी आहे. भाच्याच्या मुंजीत घेतलेली. बारा वर्षं झाली." स्तुती स्वीकारायची म्हणजे आधी त्या वस्तूचं वय सांगून तिची किंमत कमी करायची, ही इथली रीतच आहे. पण त्या उत्तरात भाचा आला, मुंज आली, लक्ष्मी रोडवरचं दुकान आलं, तेव्हाचे भाव आणि आत्ताचे भाव आले. आता तिला थांबवायचं कसं हा प्रश्न उरतो.

उलट्या बाजूने सुरुवात करणारेही आहेत. "मॅम, तुमच्या चेहऱ्यावर पिगमेंटेशन खूप आहे," किंवा "टॅन झालंय बघा." परक्या माणसाने भेटताक्षणी चेहऱ्यातली खोड काढावी आणि मग उपाय विकावा, हा प्रकार दुकानाबाहेर केला तर भांडण होईल. आपल्याकडे या पद्धतीला जुना आधार आहे. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिरातींत वर्षानुवर्षं सावळ्या मुलीचं लग्न, नाहीतर नोकरी अडायची आणि ट्यूब संपेपर्यंत मार्गी लागायची. 2020 साली कंपनीने नावातलं 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' घातलं. काउंटरवरच्या काही मुलींच्या तोंडातून ते अजून निघायचंय. टॅनचं ऐकून ग्राहक क्रीम घेतेही कधीकधी, पण त्या काउंटरसमोरून पुन्हा जात नाही. लांबच्या एस्केलेटरने जाते.

न मागता बोलायला जावं कसं, हा पेच अर्थातच पुण्याच्या मॉलमध्ये जन्मलेला नाही. अमेरिकेत डेव्हिड मॅककॉनेल नावाचा गृहस्थ दारोदार पुस्तकं विकायचा. दार उघडलं जावं म्हणून तो सोबत अत्तराची छोटी बाटली फुकट द्यायचा. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं, की बायका पुस्तकासाठी नव्हे, बाटलीसाठी दार उघडतात. 1886 साली त्याने पुस्तकं सोडली आणि अत्तराची कंपनी काढली. तीच पुढची 'एव्हॉन'. तिने विक्रीला बायकाच नेमल्या, त्यामुळे दारात उभी असायची ती ओळखीतली, शेजारपाजारची बाई. तिला आत घ्यावंच लागायचं. आपल्याकडे केशव विष्णु पेंढरकरांनी 1952 साली मुंबईत परळला 'विको' सुरू केली तेव्हा दंतमंजनही असंच घरोघर नेऊन विकलं जायचं. त्याच वर्षी टाटांनी 'लॅक्मे' काढली. नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलं, आणि त्या ऑपेरातली लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मी. ती फ्रान्सला वळसा घालून आली म्हणून तिचं कौतुक झालं.

एस्टी लॉडरबाईंची युक्ती सगळ्यात बेरकी. न्यूयॉर्कमधल्या एका केशकर्तनालयात त्या क्रीम विकायच्या. केस धुऊन बायका डोक्यावर वाळवणयंत्राचा टोप घेऊन बसल्या, की लॉडरबाई तिथे जाऊन त्यांच्या हातावर क्रीम चोळायच्या. टोपाखालची बाई 'नुसतं बघतेय' म्हणू शकत नाही. ती काही बघतच नसते, आणि केस ओले असताना उठून जाणार कुठे? 1946 साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली, पण हात लावून विकायचं सूत्र तेच ठेवलं. सोबत नमुना फुकट. काउंटरवर हल्ली ज्या इवल्या पुड्या मिळतात, आणि ज्या घरोघरी ड्रॉवरमध्ये मुदत संपेपर्यंत जपल्या जातात, त्या प्रथेचा प्रसार करण्यात या बाईंचा वाटा मोठा.

चेहरा ही खासगी जागा आहे. परक्या माणसाने त्याच्याबद्दल काहीही म्हटलं, तरी माणूस मागे सरकतो. हाताचं तसं नाही. "ताई, मनगट दाखवा बरं," म्हटलं तर भलीभली मनगट पुढे करते. त्यावरच्या शिरा हिरवट दिसतात की निळसर, यावरून त्वचेची छटा उबदार की थंड हे ठरवायचा धंद्यातला एक ठोकताळा आहे. तो अगदी शास्त्रीय नसला तरी बाई स्वतःच्या शिरा आयुष्यात पहिल्यांदा निरखून बघते आणि म्हणते, "अगंबाई, माझ्या तर दोन्ही आहेत!" टेस्टरची लिपस्टिक थेट ओठाला लावू नये, म्हणून तीही हातावरच. एक रेघ, दोन रेघा, अकरा रेघा. तेवढ्यात ती मुलगी तिला हाताला धरून दुकानाच्या दाराशी नेते, कारण आतल्या पिवळ्या दिव्यात सगळेच रंग देखणे दिसतात, खरं काय ते उन्हात कळतं. माल नाकारायची संधी आपण होऊन देणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. बाई हात उन्हात धरून उभी राहते आणि विचारते, "तू कुठली लावतेस गं?"

खरी माहितीही हाताइतकीच कामाला येते. सनस्क्रीनच्या कपाटापुढे एक बाई 30 आणि 50 अशा दोन ट्यूब धरून उभ्या. मुलीने "50 घ्या मॅम, जास्त पॉवरफुल" म्हटलं असतं तर बाईंनी दोन्ही ठेवल्या असत्या. ती म्हणाली, "ताई, 30 वाली साधारण 97 टक्के किरण अडवते आणि 50 वाली 98. तुम्ही स्वस्तातली घ्या, पण दोन बोटं भरून लावा आणि दुपारी परत लावा. सगळ्या जणी हरभऱ्याएवढी लावतात." बाईंनी स्वस्तातली घेतली. मग नणंदेसाठी एक घेतली. पुढच्या आठवड्यात नणंदेला घेऊन आल्या.

पुरुष ग्राहकांशी बोलायला सुरुवात करावी लागत नाही, ते घाबरून स्वतःच करतात. "एक लिपस्टिक द्या. मिसेससाठी. वाढदिवस आहे." "कुठला रंग, सर?" "लाल." मुलगी अकरा लाल मांडते. "यातली कुठली?" तो दोन मिनिटं बघतो. "या सगळ्या लालच आहेत की." शेवटी ती विचारते, "मॅडमचा फोटो आहे का?" तो मोबाइल काढतो. फोटो गाडीचे, बिलांचे, मुलाच्या मार्कलिस्टचे. बायको एकाच फोटोत, तेही महाबळेश्वरला, गॉगल लावून, मक्याचं कणीस खाताना. कणसामागचे ओठ ताणून ताणून मोठे करत दोघं पडद्यावर डोकं घालतात. त्या पाच मिनिटांत तो बायकोकडे जितकं निरखून बघतो तितकं गेल्या कित्येक वर्षांत बघितलेलं नसतं, आणि हे काउंटरवरच्या मुलीला कळतं. ती गप्प राहते. कधी बोलू नये हेही तिला अनुभवाने कळलेलं असतं. ट्रेनिंगमध्ये ते नव्हतं.

हल्ली तर बोलण्याच्या आधीच ग्राहकाला सगळं माहीत असतं. फाल्गुनी नायर यांनी 2012 साली 'नायका' इंटरनेटवर सुरू केलं. नाव नायिकेवरून. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या कित्येक नायिकांच्या एका हातात मोबाइल असतो आणि त्यावर तीच बाटली सवलतीत दिसत असते. अशा वेळी मुलीने नाराज न होता विचारावं, "तिथे कुठली शेड टाकलीय कार्टमध्ये? दाखवा, हाताला लावून बघू." मोबाइल एका हातात. दुसरा मोकळाच असतो.

अशीच एक मुलगी मंगळवारी सुटी होती म्हणून तुळशीबागेत गेली. पेशवाईत नारो अप्पाजींनी बांधलेल्या राममंदिराभोवतीच्या या गल्ल्यांत पिना, टिकल्या, कुंकू आणि पितळी भांडी इतकी दाटीने मांडलेली असतात, की नुसतं बघत चालायचं म्हटलं तरी दोन्ही खांदे मालाला घासतात. पाय दुखत होते. बांगड्यांच्या दुकानापाशी ती उगीच थांबली. आत एक म्हाताऱ्या कासारीण बसल्या होत्या. बसल्या होत्या, हे तिच्या आधी लक्षात आलं.

"काय दाखवू, ताई?"

"काही नाही, नुसतं बघतेय."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. कासारणीने ते ऐकलं न ऐकलं केलं. "बघ की. बस. हात दे इकडे." हात दिला गेला. कासारणीने अंगठ्याखालचा भाग दोनदा दाबला आणि टेप न लावता माप सांगितलं, "दोन-चार." म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. हाताला हात लागला की मापाचा अंदाज येतो, विचारावं लागत नाही.

"माहेर कुठलं?"

"सातारा. म्हणजे अजून माहेरच आहे."

"साताऱ्यात कुठं?" हे विचारता विचारता पहिली बांगडी बोटांच्या पेरांवरून पुढे सरकली होती. काचेच्या बांगडीचा हा नियमच. हात ताठ धरला तर काच तडकते. तो सैल पडायचा तर लक्ष दुसरीकडे हवं, म्हणून कासार बोलतात. माहेर, सासर, पाऊस, रस्त्याचं काम, भाव. प्रश्नाचं उत्तर देण्यात बाई गुंतली की हात सैल होतो आणि बांगडी चढते. तरीही एखादी गेलीच, तर ती 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. सुरकुतीला 'फाइन लाइन' म्हणायला शिकलेल्या मुलीला यात काही नवं वाटलं नाही.

"काम काय करतेस?"

"मॉलमध्ये. लिपस्टिक वगैरे विकते."

"मग तुला काय, बसून काम."

मुलगी इतकी हसली की दुसरा हातही सैल पडला. एक डझन हिरव्या बांगड्या चढल्या, भाव न करता पैसे दिले गेले, आणि 'पुढच्या वेळी आईला घेऊन ये' हेही झालं. ड्यूटीवर काचेची बांगडी चालत नाही, टेस्टरच्या काचांवर वाजते, हा दुकानाचा नियम तिला शनिपारावरून बस सुटल्यावर आठवला.